गोदाची कात

पालीचा रामकिसन कधी कुणावर जळला, असं गावात कुणी सांगितलं तर ऐकणारा हसेल. गळ्यात माळ, कपाळाला बुक्का, पिठाची गिरणी चालवणारा देवभोळा माणूस. कुणाच्या पोराला नोकरी लागली तर पेढा तोंडात टाकायच्या आधी देवळात जाऊन विठ्ठलाच्या पायांवर ठेवून यायचा. भजनातल्या सटवाचा गळा आपल्यापेक्षा गोड आहे, एवढी एक गोष्ट त्याला टोचायची. पण ती टाळकऱ्यांची आपसातली बाब. तिला पाप धरत नाहीत. असा माणूस साठीला टेकल्यावर जळायला लागला, आणि जळला कुणावर, तर कोळ्यावर.

कोळी म्हणजे भिंतीच्या कोपऱ्यात जाळं विणतो तो नव्हे. हा तळहाताएवढा. अंगावर मऊ तपकिरी लव, जाडजूड पाय, आणि चालणं असं की पालखीमागून चालावं. शिकलेली माणसं त्याला टॅरेंटुला म्हणतात. रामकिसनच्या एकुलत्या एका लेकीनं, संस्कृतीनं, संभाजीनगरला प्राणिशास्त्र शिकताना तो मैत्रिणीकडून पिल्लू असताना आणला होता. ती मादी निघाली. लेकीनं तिचं नाव गोदा ठेवलं.

"गंगामाईचं नाव किड्याला?" रामकिसन तेव्हाच म्हणाला होता. आपल्या भागात गोदावरीला सगळे गंगाच म्हणतात.

"किडा न्हाई अण्णा. आठ पाय हायेत तिला."

"आठ पाय असले म्हणून काय देव झाली का?"

पुढं संस्कृतीला पुण्यात नोकरी लागली. तिथली घरमालकीण काचेची पेटी बघून म्हणाली, एकतर तू राहा नाहीतर ती राहू दे. मग गोदा एसटीनं, लेकीच्या मांडीवर बसून पालीला आली आणि देवघराशेजारच्या फडताळात तिची पेटी बसली. नारळाच्या भुशाचं अंथरूण, मातीच्या मडक्याची एक खापरी घर म्हणून, आणि पाण्याला बाटलीचं झाकण. एवढाच संसार.

रामकिसनचं दुखणं समजायचं तर त्याच्या मांडीची गोष्ट सांगावी लागेल. संस्कृती लहान होती तेव्हा गावात कीर्तन म्हटलं की ती बापाच्या बोटाला धरून यायची. अभंगाचं निरूपण निम्म्यावर आलं की टाळांच्या गजरात बापाच्या मांडीवर खुशाल झोपून जायची. बाकीची लेकरं टाळ वाजले की दचकायची, हिला टाळ थांबले की जाग यायची. घरी येताना खांद्यावरून विचारायची, "अण्णा, मी झोपल्यावर काय सांगितलं?" मग तो वाटभर सांगायचा. पोरगी शिकायला बाहेर पडली तरी ही रीत मोडली नाही. रोज संध्याकाळी फोन यायचा, "अण्णा, आज काय सांगितलं महाराजांनी?" कीर्तन नसेल तर तो जुनंच एखादं सांगायचा, चालीसकट. दिवसभर गिरणीत पीठ खाल्लेल्या माणसाला तेवढा एक घोट गोड पाण्याचा होता.

गोदा घरी आली आणि त्या घोटात माशी पडली.

आता फोन वाजला की पहिला सवाल, "गोदा कशीय?" आणि दुसरा, "अण्णा, जरा बाजूला व्हा ना, दिसू द्या." रामकिसननं फोन पेटीसमोर धरायचा. हात अवघडायचा. इकडून लेक बघायची, तिकडून ती बघायची का नाही कोण जाणे, तिला डोळे आठ असून दिसतं म्हणे कमीच. आणि मधे हा, कंदिलाच्या खुंटीसारखा.

बरं, बायकोनं तरी आपल्या बाजूनं राहावं. वनमाला ही भिंतीवरच्या पालीच्या मागं केरसुणी घेऊन धावणारी बाई. पहिल्या दिवशी तिनं पेटीवर गोधडी टाकली होती. पण महिन्याभरात तिला काय झालं कळेना. मायलेकी फोनवर त्या कोळ्याबद्दल असं बोलायच्या की दिवस गेलेल्या सुनेबद्दल बोलावं.

"आज खापरीच्या बाहीर आल्ती बघ. पाय पसरून बसली लई वेळ."

"पाणी पेली का?"

"पेली वाटतं. झाकणात तोंड घालून होती."

"अगं बाई, माझी गुणाची."

माझी गुणाची. रामकिसन टाळांना वादी ओवत ऐकायचा. हा शब्द ह्या घरात आधी कुणासाठी होता, हे त्याला आठवायचं आणि मग वादीची गाठ चुकायची.

वर आणखी कामगिरी त्याच्याकडंच. गोदाला जिवंत खाद्य लागतं. वनमालाला किडे धरता येईनात, म्हणून सकाळी गिरणी उघडायच्या आधी हा प्लास्टिकची बरणी घेऊन बिंदुसरा नदीच्या कडंनं नाकतोडे धरत फिरायचा. सटवा नेमका तिथंच म्हशी धुवायला.

"काय रामकिसन, आज किती वैष्णव सापडले बे?"

"गप ऱ्हा."

"न्हाई, बरणीत उड्या मारायलेत म्हणून इचारलं. वारीतल्यागत पावली खेळायलेत वाटतं."

रामकिसननं एकच हट्ट धरला होता. एकादशीला ह्या घरात मुंगीसुद्धा मरत नाही, तेव्हा एकादशीला कोळ्याला उपास. लेक हसली, म्हणाली, चालंल, तिला आठ-आठ दिवस नसलं तरी चालतं. तेव्हापासून गोदा एकादशी करायला लागली, आणि त्यावरून वनमाला तिचं कौतुक शेजारणींना सांगायला लागली. म्हणजे तो डावही उलटला.

श्रावणात गावचा सप्ताह बसला आणि त्याच सुमाराला गोदानं खाणं सोडलं. नाकतोडा समोरून उडाला तरी ढुंकून बघेना. पोटावरची लव गेलेली, कातडी काळवंडलेली. संध्याकाळी लेकीला दाखवलं तर ती एकदम सावरून बसली आणि म्हणाली, "आई, नीट ऐक. अण्णा, तुमीबी ऐका. आता ती..."

रामकिसन उठला. फोन त्यानं वनमालाच्या हातात दिला. टाळ उचलताना ते एकमेकांवर आपटून खणकले. मुद्दाम का चुकून, त्यालाच ठाऊक.

"मायलेकी बोला तुमी. मला हरिपाठाला जायचंय."

त्या दिवशी तो हरिपाठात फार मोठ्यानं म्हणाला. मागं टाळकऱ्यांची ओळ एकमेकांकडं बघत होती.

काल्याच्या आदल्या दिवशी वनमाला चकलांब्याला माहेरी निघाली. भावाच्या नातवाचं बारसं होतं, आत्यांमधली थोरली म्हणून तिला जाणं भाग. पिशवी भरताना ती म्हणाली, "अहो, तिचं काय-काय सांगितलंय पोरीनं, ते ऐकून तर घ्या."

"मला काय सांगतीस? काला हाय उद्या. हरिबा महाराज यायलेत. मला टाळ घेऊन उभं ऱ्हायचंय का तुझ्या कोळ्याचं बाळंतपण करायचंय?"

वनमालानं नवऱ्याकडं पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात कोणत्या वेळी बोलून उपयोग नाही, हे तिला कळत होतं.

"मग हात तरी लावू नका. एवढं ऐका म्हंजे झालं."

"हात लावतंय कोण तिला," रामकिसन म्हणाला. आणि खरंच, पुढं जे झालं त्यात त्यानं हात लावला नाही.

काल्याच्या सकाळी काकडा करून तो घरी आला. आंघोळ झाली, देवपूजा झाली. आरतीचं ताट फिरवताना नजर शेजारच्या फडताळाकडं गेली.

गोदा उताणी पडली होती. भुशावर तिनं पांढऱ्या रेशमाचं पातळ अंथरूण घातलेलं, त्यावर पाठ टेकलेली, आठही पाय वर आणि थोडे आत मुडपलेले. मेलेलं झुरळ पडतं तशी.

रामकिसननं काचेवर टिचकी मारली. हललं नाही. ताट खाली ठेवलं, पुन्हा मारली. नाही.

तेव्हा त्याला जे वाटलं, ते त्यानं देवासमोरसुद्धा शब्दांत आणलं नसतं. गिरणीचा पट्टा दिवसभर फटफटत असतो, त्याचा आवाज कानात इतका मुरतो की ऐकूच येत नाही. आणि वीज गेली की एकदम जी गार शांतता पडते, तसं आत झालं. आता फोन येईल. आता लेक रडेल, आणि बापच तिला समजावील. मग थोड्या दिवसांनी विचारील, अण्णा, आज काय सांगितलं महाराजांनी.

दुसऱ्या क्षणी त्यानं दोन्ही गालांवर चापट्या मारून घेतल्या. "पांडुरंगा, पांडुरंगा," म्हणाला. जीव तो जीव. आपल्या दारात आला, आपलं पाणी पिला, एकादशा केल्या. आपल्या घरी देह ठेवला म्हणजे आपल्यावर तिचं काही ऋण आहे. तिची गत तरी नीट लागली पाहिजे.

हा सगळा विचार खोटा नव्हता. पण त्याच्या तळाशी ती गार शांतता होतीच, आणि तिच्यामुळं त्याच्या हाताला जरा जास्तच चपळाई आली होती.

उताणं जनावर त्याला बघवेना. मेलेल्याला नीट निजवतात. देवाची पळी घेऊन, ती अंगाखाली अलगद घालून, त्यानं गोदाला सुलटी केली. पाय चारी बाजूंना कसेतरी दुमडले गेले. मग तुळशीचं पान आणलं. राक्षसभुवनाहून आणलेली गंगा देवघरात बाटलीत होती. पळीनं तिचे थेंब तोंडाशी सोडले, पान तिथंच ठेवलं. रामकृष्णहरी म्हणाला. आणि खुरपं घेऊन परसात पारिजातकाखाली खड्डा करायला गेला.

खड्डा करून, हात धुऊन, केळीचं पान घेऊन तो परत आला तर तुळशीचं पान बाजूला सरकलेलं. गोदाचा एक पाय हलत होता. हळू, झोपेतल्या लेकरानं बोट हलवावं तसा.

रामकिसनच्या हातातलं केळीचं पान गळून पडलं. त्यानं आयुष्यभर कीर्तनांत ऐकलं होतं, गंगेच्या थेंबानं मेलेली माणसं उठली, शापातली उद्धरली. ऐकताना डोळे पुसले होते. पण आपल्या घरात, आपल्या पळीनं? त्यानं तिथंच लोटांगण घातलं. तो जमिनीवर असतानाच फोन वाजला.

"अण्णा, आज काला ना? महाराज आले का?"

"संस्कृती," रामकिसन जमिनीवरूनच म्हणाला, "बाई, चमत्कार झाला. तुझी गोदा गेल्ती. सकाळी बघतो तर उताणी, गार. मी म्हणलं, जाताना तरी नीट जाऊ द्यावं. पळीनं सुलटी केली, गंगा घातली, तुळस ठेवली. आन् आता पाय हलवायली बघ."

रामकिसननं फोन कानाशी घट्ट धरला.

"ऐकायलीस ना?"

"अण्णा," लेक म्हणाली. "ती मेली नव्हती. कात टाकत होती. कोळी उताणं पडूनच कात टाकतात. आईला सांगितलं होतं. तुमालाबी सांगत होते मी."

रामकिसननं पेटीकडं पाहिलं.

"मधीच सुलटी केली तर पाय आत अडकतात. अडकले तर..." मग नाक ओढल्याचा आवाज आला. "फोन धरा तिच्यापुढं. दिसू द्या."

त्यानं फोन धरला. पहिल्यांदाच हात अवघडला नाही. आता त्यालाही दिसलं. पाठीवरची कवची डब्याच्या झाकणासारखी उचललेली, तिच्या खालून नवं अंग बाहेर आलेलं, फिकट, ओलं, लोण्यासारखं मऊ. निम्मे पाय जुन्या कातीतून सुटले होते. एका बाजूचे दोन मात्र अजून जुन्या कातडीच्या नळ्यांत, मोज्यात पाय अडकावा तसे, आणि ती ओढत होती. ओढायची, थांबायची.

फोनमध्ये लेक कुठल्यातरी जिन्यात बसलेली दिसत होती. येणारी-जाणारी माणसं तिला वळसा घालून जात होती आणि ती ओढणीनं डोळे पुसत होती. त्याही घडीला रामकिसनच्या मनात आलं, माझ्या डोळ्याचं आपरेशन झालं तेव्हा ही एवढी रडली नव्हती. मन कुठं कुठं जाऊन बसतं, त्याला आपण तरी काय करावं.

"काय करू सांग," तो म्हणाला.

"पाणी कुठं घातलं तुमी? पोटावर गेलं का? तिथून ती श्वास घेती."

"न्हाई. तोंडाशी. थोडं पायावर गेलं."

"पायावर गेलं ते बरंच झालं. तेच करायचंय आता. अडकलेली कात भिजवत ऱ्हायची. कोमट पाणी, थेंब-थेंब, फक्त त्या दोन पायांवर. सुकू द्यायची न्हाई. ओढायचं अजिबात न्हाई, नवा पाय तुटून येतो. कापूस नको, त्याचे धागे अडकतात. एखादा मऊ ब्रश पायजे. माझा शाळंतला चित्रकलेचा ब्रश असंल का कुठं? नसंलच, किती वर्षं झाली."

रामकिसन उठून कपाटाकडं गेला. सगळ्यात खालच्या खणात, त्याच्या लग्नातल्या फेट्याखाली, एक पत्र्याचा डबा होता. तिचा कंपास, शाळेचं ओळखपत्र, दोन रिबिनी, आणि रबरानं बांधलेले तीन ब्रश. शोधायला त्याला क्षण लागला नाही.

फोनमधून लेकीनं तो डबा पाहिला. मग म्हणाली, "सगळ्यात बारका घ्या."

तेवढ्यात दारात सटवा. धोतर, फेटा, गळ्यात टाळ.

"रामकिसन, चल बे. महाराज पारावर आले. तुझी जागा रिकामी हाय, इणेकरी इचारायलेत."

काल्याच्या कीर्तनात महाराजांच्या उजव्या हाताला, पहिल्या टाळाची जागा गेली कित्येक वर्षं रामकिसनची. तिथं उभं राहायला सटवा किती वर्षांचा आसुसलेला आहे, हे गावाला ठाऊक. रामकिसननं ब्रश बुडवला, थेंब झटकला आणि पेटीत वाकून एका पायावर टेकवला.

"तू ऱ्हा उभा," तो मान न वळवता म्हणाला.

सटवाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तो आत डोकावला. "काय करायलास?"

"पाय सोडवायलोय."

"कोळ्याचे?"

"जा तू. महाराज थांबायचे न्हाईत."

सटवा गेला. पायऱ्या उतरताना त्याचे टाळ आनंदानं वाजल्यासारखे रामकिसनला वाटले.

मग देवळावरचा कर्णा सुरू झाला. पालीत कर्ण्याचा आवाज गिरणीपासून धरणाच्या भिंतीपर्यंत कुठंही चुकत नाही. जयजयकार झाला, आणि पहिली चाल सटवानं उचलली. गोड होती. वर गेली तिथं अंगावर काटा आला. रामकिसनचा ब्रश थांबला. दात आवळून त्यानं तो पुन्हा बुडवला. थेंब, वाट बघायची, थेंब. टाळ धरून उभं राहिलेल्या हाताला थांबायची सवय होती. महाराज बोलत असतात तेव्हा टाळकऱ्यानं टाळ वाजवायचे नसतात, पण हात सैलही सोडायचा नसतो, कोणत्या शब्दाला उचलायचं ते कळलं पाहिजे. इथं महाराज म्हणजे ती. ती ओढायची तेव्हा तो थांबायचा, ती थकून थांबली की तो पाणी लावायचा.

हरिबा महाराजांनी काल्याला गौळणींची मुरली घेतली होती.

"बायांनो," कर्ण्यातून आवाज आला, "गौळणी बसल्या यमुनेवर आन् लागल्या कुचकुचायला. म्हणल्या, काय गं त्या बांबूच्या कांडीत? ना रूप, ना कूळ, अंगाला नुसती भोकं. आमी लोणी द्यायचं, आमी वाटंकडं डोळं लावायचं, आन् देव सारखा तिलाच ओठाला लावतो. आमच्याकडं बघंना. मग काय केलं? चोरली. ताकाच्या डेऱ्यात बुडवली आन् वर झाकण ठिवलं."

मांडवातल्या बाया हसल्याचा आवाज आला.

"लई बरं वाटलं त्यांना. आता देव आपल्याकडं बघंल. बसल्या. दुपार झाली, सांज झाली. पर हाक काही येईना. रोज ह्या वक्ताला बोलावतो, आज कावून बोलवंना? अगं वेड्यांनो, बोलवत कशानं व्हता तो?"

आणि टाळ पडले. सटवानं गौळण धरली.

रामकिसन पेटीवर वाकलेला. आजच हे लावायचं होतं का महाराजांना, असं त्याला झालं. गौळणींचं फारसं चुकलं होतं, असं त्याला अजूनही वाटत नव्हतं. मुरलीला काय, तिनं एखाद्या दिवशी स्वतःच म्हणायचं होतं देवाला, जरा ह्यांच्याकडंबी बघ. पण डोळ्यांत पाणी आलं ते आलं. ते पेटीत पडेल म्हणून त्यानं मान वळवून बाहीला पुसलं.

फोन फडताळाला टेकवून ठेवलेला. जिन्यातली लेक हळूच म्हणाली, "अण्णा, एक विचारू? सकाळी ती मेली असं वाटलं, तेव्हा तुमाला बरं वाटलं का?"

कर्ण्यात गजर चालला होता. तेवढ्या आवाजात ऐकलं नाही म्हणता आलं असतं.

"वाटलं," रामकिसन म्हणाला. "थोडं."

"मला वाटलंच."

"तू तिचीच चौकशी करतीस."

"अण्णा, ती बोलत न्हाई म्हणून तिची विचारते. तुमाला काय झालं तर तुमी सांगताल."

"मी कुठं सांगतो," रामकिसन म्हणाला. आणि ते खरंच होतं.

तेवढ्यात गोदानं ओढलं. एका पायावरची कात कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटली आणि आतला पाय, पांढरट, ओला, बाहेर आला. थोडा वाकडा, पण आला. लेक जिन्यात ओरडली तशी कुणीतरी विचारलं, काय झालं मॅडम. दुसरा पाय मात्र सुटेना. दहीहंडी फुटली, कर्ण्यावर प्रसादाची सूचना झाली, वाटेनं पत्रावळींचा गठ्ठा घेऊन माणसं गेली, तरी तो अडकलेलाच. शेवटी गोदानंच एकदा अंग आक्रसलं, आणि तो पाय मुळाशी सुटून कातीतच राहिला.

"मी तोडला न्हाई," तो लगेच म्हणाला. "माझा ब्रश तिकडं नव्हताच."

"माहीत हाय. तिनंच सोडला. जीव वाचवायचा तर सोडतात त्या." लेकीनं मोठा श्वास घेतला. "पुढच्या वेळी कात टाकंल तेव्हा नवा येईल. बारका येईल आधी. आता तिला अजिबात त्रास द्यायचा न्हाई. झाकणात पाणी ठेवा. नाकतोडा टाकू नका, तिचे दात आत्ता मऊ असतात, नाकतोडाच तिला चावंल. दात पांढरे दिसतील, मग लाल, मग काळे. काळे झाले की सांगा."

"सांगतो."

"आईला न्हाई. तुमी सांगा."

सटवा प्रसादाची पत्रावळ घेऊन आला तेव्हा रामकिसन पेटीसमोर भिंतीला टेकून बसला होता, मांडीवर ब्रश. सटवानं पत्रावळ खाली ठेवली. पण जायचं सोडून तिथंच उभा राहिला.

"कसं झालं माझं?" त्यानं विचारलं.

रामकिसननं त्याच्याकडं पाहिलं. आत ती जुनी टोचणी होतीच.

"वरच्या सुरात जरा लांबवलंस," तो म्हणाला. मग बुंदीचा घास उचलला. "पर गोड झालं. ब्रश थांबला माझा."

संध्याकाळी वनमाला आली. पेटी पाहिली, सात पाय मोजले, देव्हाऱ्यात वाळत घातलेली पळी पाहिली, परसातला खड्डा पाहिला.

"हात लावू नका म्हणलं होतं ना मी?"

"हात कुठं लावला? पळी लावली."

त्यावर ती जे बोलली ते इथं लिहिण्यात अर्थ नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठून बघते तर नवरा आधीच पेटीपाशी, चष्मा लावून, गुडघ्यावर, दातांचा रंग बघत. झाकणातलं पाणी बदललेलं. तिनं हात पुढं केला तर म्हणाला, "ऱ्हाऊ दे, झालंय माझं." फोन आला तो त्याच्या खिशात. तिनं लेकीशी दोन शब्द बोलावेत तर मधूनच ह्याचं, "अगं लाल व्हायलेत, तिला ते सांगू दे आधी." चार-सहा दिवसांत वनमालाचं तोंड आंबट झालं. शेजारणीला म्हणाली, "पोटच्या पोरीनं मला इचारायचं सोडलं बघा. सगळं अण्णा, अण्णा."

मधे एकादशी आली. त्या दिवशी तसाही गोदाला उपासच होता. नंतर एका संध्याकाळी हरिपाठ करून येऊन रामकिसननं दिवा लावून पाहिलं तर दात काळे. काजळासारखे. त्यानं सकाळी धरून ठेवलेला नाकतोडा, लहानसा, पेटीत सोडला. गोदा खापरीत होती. एक पाय कमी, एक वाकडा. थोडा वेळ काही झालं नाही. मग ती अशी झेपावली की रामकिसन मागं सरला आणि वनमालाच्या पायावर पडता-पडता राहिला.

फोन लावला. "खाल्लं," तो म्हणाला. "स्वतः धरून खाल्लं."

"दाखवा."

त्यानं दाखवलं. लेक बघत राहिली, हसली, माझी गुणाची म्हणाली. रामकिसनला ते ऐकताना आत बारीकसं टोचलं. मग सगळं बघून झालं. विचारायचं काही उरलं नाही. गोदा बरी झाली होती. रामकिसन फोन धरून उभा राहिला. आता ती ठेवील. खरं तर आता हिनं रोज फोन करायलाच पाहिजे असं काय उरलंय?

"अण्णा," लेक म्हणाली, "त्या दिवशी काल्याचं तुमी मला सांगितलंच न्हाई. महाराजांनी काय सांगितलं?"

"तू फोनवरच होतीस की."

"कर्ण्याचं नीट ऐकू आलं न्हाई. मुरली चोरली, इथपर्यंत कळलं. पुढं काय झालं?"

रामकिसननं घसा साफ केला.

"थांबा," ती म्हणाली. "फोन तुमच्याकडं फिरवा. तिची पेटीच दिसायलीय मला. तुमी दिसू द्या."

त्याला फोन फिरवायचा कसा ते पटकन सुधरेना. आधी छत दिसलं, मग देव्हारा, मग दाढीचे खुंट. वनमाला मागून खांद्यावरून वाकली, लेक दिसतेय का बघायला, आणि तिचं डोकं मधे आलं.

"अगं, जरा बाजूला हो," रामकिसन म्हणाला. "दिसू दे तिला." आणि गौळणीची चाल धरली, सटवानं घेतली होती तिच्यापेक्षा एक पट्टी खालून.